परदेशातील ग्रुप टूरमध्ये दुखापत: जबाबदारी कोणाची आणि दाद कुठे मागावी?

पॅकेज टूर घेऊन परदेशी गेलेल्या प्रवाशाला तेथे बसच्या अपघातात, हॉटेलच्या जिन्यावर किंवा एखाद्या जलक्रीडेत दुखापत झाली, की घरी परतल्यावर त्याच्या मनात बहुधा तीन शंका असतात. अपघात परदेशात झाला म्हणजे दावाही तिकडेच करावा लागेल का, बुकिंग फॉर्मवर ‘कंपनी जबाबदार नाही’ असे छापलेले असताना त्यावर सही केल्यामुळे सारे हक्क संपले का, आणि प्रवास विम्याचे पैसे मिळाल्यावर सहल कंपनीकडे आणखी काही मागता येते का, अशा या शंका आहेत. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि तिसऱ्याचे ‘होय’ असे आहे. मात्र हे उत्तर प्रत्यक्ष भरपाईत उतरायचे असेल तर दुखापत झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, योग्य कागदांसह आणि योग्य पक्षाविरुद्ध पाऊल उचलावे लागते, आणि पुष्कळ रास्त दावे नेमके येथेच निसटतात.

पॅकेज सहलींसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, हे प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशानुसार आणि ब्रिटनमध्ये १ जुलै २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, पॅकेजमधील प्रत्येक सेवा नीट दिली जाण्याची जबाबदारी सहल आयोजकावर असते, मग ती सेवा त्याने स्वतः दिलेली असो वा तिकडच्या हॉटेलाने. भारतीय कायद्यात असे थेट वाक्य कोठेही लिहिलेले नाही, त्यामुळे येथील प्रवाशाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि भारतीय करार कायदा, १८७२ यांच्या आधारे तीच जबाबदारी सिद्ध करावी लागते. म्हणून पुढील विवेचनात कायद्याइतकेच कागदपत्रांनाही महत्त्व दिले आहे.

परदेशात असतानाच करावयाच्या गोष्टी

उपचार अर्थातच सर्वप्रथम. परंतु जखमी व्यक्ती रुग्णालयात असताना तिच्या सोबतच्या नातेवाइकाने किंवा सहप्रवाशाने पुढील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात, कारण ओली फरशी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, तुटका कठडा दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो आणि बस पुढच्या ग्रुपला घेऊन निघून जाते.

- घटनेची जागा, प्रकाशाची स्थिती, सूचनाफलक असणे किंवा नसणे, कठडा, सीटबेल्ट, लाइफ जॅकेट यांची छायाचित्रे व व्हिडिओ काढावेत आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये जपून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीतून तारीख व वेळेची मूळ नोंद बहुधा गळून जाते.
- टूर मॅनेजरला घटना लेखी कळवावी. तोंडी सांगितले असले तरी ‘आज इतक्या वाजता, अमुक ठिकाणी, अमुक कारणाने पडल्यामुळे दुखापत झाली’ असा संदेश त्याला व्हॉट्सॲपवर आणि कंपनीला ईमेलवर पाठवावा.
- हॉटेल, बोट किंवा उद्यान चालवणाऱ्यांकडे अपघाताची नोंद करून तिची प्रत मागावी, आणि वाहनाचा अपघात असल्यास पोलीस अहवालाचा क्रमांक, बसचा नोंदणी क्रमांक व बसवर लिहिलेले कंपनीचे नाव टिपून घ्यावे.
- रुग्णालयातून डिस्चार्ज समरी, एक्स-रे व स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या आणि भरलेल्या बिलांच्या पावत्या घ्याव्यात, आणि शक्य असल्यास इंग्रजीतील प्रत तेथेच मागावी, कारण थाई किंवा अरबी कागदाचे भाषांतर परतल्यावर मिळवणे वेळखाऊ व खर्चिक ठरते.
- घटना पाहणाऱ्या किमान दोन सहप्रवाशांचे पत्ते व फोन क्रमांक घ्यावेत.
- विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी, आणि ते अशक्य असल्यास त्यानंतर लगेच, कळवावे.

जखमी व्यक्तीला शुद्ध नसेल, पासपोर्ट हरवला असेल किंवा भाषेची अडचण असेल तर जवळच्या भारतीय दूतावासाशी किंवा वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा, आणि नातेवाईक भारतात असतील तर त्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या ऑनलाइन व्यवस्थेवर तक्रार नोंदवावी. कुटुंबाशी संपर्क, स्थानिक वकील व डॉक्टरांची माहिती, तातडीची प्रवासाची कागदपत्रे अशी मदत दूतावासाकडून मिळू शकते. रुग्णालयाचे बिल मात्र सामान्यतः दूतावास भरत नाही, त्यामुळे त्या भरवशावर विमा कंपनीला कळवणे लांबवू नये.

जबाबदार कोण?

सगळ्या प्रकरणाचा हा गाभा आहे. पुण्यातील किंवा मुंबईतील सहल कंपनी प्रवाशाकडून एकरकमी पैसे घेते. प्रत्यक्ष हॉटेल, बस आणि स्थळदर्शन यांची व्यवस्था त्या देशातील स्थानिक व्यवस्थापन कंपनी करते, जिला या व्यवसायात डीएमसी म्हणतात. आणि डीएमसी पुन्हा बस तिसऱ्याकडून भाड्याने घेते. अपघातानंतर यांतील प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. प्रवाशाने या साखळीत हरवून न जाता एकच प्रश्न विचारावा: करार कोणाशी झाला आणि पैसे कोणी घेतले? पावती ज्या कंपनीच्या नावे आहे, सहलीची जाहिरात जिने स्वतःच्या नावाने केली आणि हॉटेल व बसची निवड जिने केली, ती कंपनी प्रवाशाच्या दृष्टीने सेवा पुरवठादार आहे.

यावर कंपनीचे ठरलेले उत्तर असे असते की ती केवळ एजंट असून हॉटेल व वाहतूकदार स्वतंत्र आहेत. करार कायद्याच्या कलम २३० नुसार एजंट हा सर्वसाधारणपणे आपल्या मालकाच्या वतीने केलेल्या कराराला व्यक्तिशः बांधील नसतो हे खरे. परंतु त्याच कलमात पुढे असेही आहे की, एजंटाने ज्याच्या वतीने करार केला त्याचे नाव उघड केले नसेल, तर एजंट स्वतः बांधील आहे असे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीतक खोडून काढण्याचे काम त्याच्यावर येते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘चार तारांकित किंवा तत्सम हॉटेल’ आणि ‘वातानुकूलित कोच’ एवढेच लिहिलेले असेल आणि बसचालक कंपनीचे नाव प्रवाशाला कधीच कळवले गेले नसेल, तर ‘आम्ही केवळ एजंट’ हा बचाव बराच दुबळा होतो. म्हणून बुकिंगच्या वेळची पत्रिका, निघण्यापूर्वी दिलेली अंतिम पत्रिका आणि व्हाउचर ही तिन्ही जपून ठेवावीत.

कराराचा पक्ष कोण यावर वाद झाल्यास आणखी एक कागद उपयोगी पडतो, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच विक्रेत्याने गोळा करून सरकारजमा करावयाचा आयकर, घ्यावा लागतो. प्रवाशाच्या पॅन क्रमांकावर दिसणाऱ्या त्या नोंदीत कर गोळा करणाऱ्याचे नाव आणि रक्कम असते. स्वतःला पॅकेजची विक्रेती समजून ज्या कंपनीने कर गोळा केला, तिला नंतर ग्राहक आयोगासमोर ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असे सांगणे जड जाते. सहल गावातील छोट्या सबएजंटमार्फत घेतली असेल तर तक्रारीत त्याला आणि मुख्य कंपनीला अशा दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे.

मात्र कराराचा पक्ष असणे आणि दोषी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथे वाचकांनी स्वतःशी प्रामाणिक राहणे हिताचे आहे. दुखापत झाली एवढ्यावरून भरपाई मिळत नाही. सेवेत त्रुटी होती हे तक्रारदाराला दाखवावे लागते. ‘त्रुटी’ या शब्दाच्या २०१९ च्या कायद्यातील व्याख्येत ग्राहकाला हानी पोहोचवणारा निष्काळजीपणा, करावयाचे ते न करणे आणि आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणे हे सारे येते. बसचा चालक सलग अनेक तास गाडी चालवत होता, सीटबेल्ट तुटलेले होते, बुकिंगच्या वेळी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची लेखी कल्पना देऊनही ज्येष्ठ प्रवाशाला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली दिली, किंवा अपघातानंतर टूर मॅनेजरने जखमी व्यक्तीला रुग्णालयात एकटे सोडून ग्रुप पुढे नेला, ही त्रुटीची ठळक उदाहरणे होत. याउलट मोकळ्या वेळेत प्रवासी स्वतःच्या मनाने बाजारात गेला आणि फूटपाथवरून घसरला, तर सहल कंपनीचा दोष दाखवणे जवळजवळ अशक्य असते.

यांच्या अधेमधे पर्यायी सहली येतात. पट्टायाजवळच्या कोरल बेटावरील पॅरासेलिंग, दुबईतील वाळवंटी सफर किंवा बालीतील उंच झोपाळा हे पुष्कळदा मूळ पॅकेजमध्ये नसतात. जागेवर वेगळे पैसे देऊन ते घेतले जातात. येथे पैसे कोणी गोळा केले हा प्रश्न निर्णायक ठरतो. टूर मॅनेजरने बसमध्ये नावे लिहून रोख पैसे घेतले आणि व्यवस्था केली असेल तर कंपनीचा सहभाग दाखवता येतो. प्रवाशाने किनाऱ्यावरील चालकाशी स्वतः व्यवहार केला असेल तर तो धागा तुटतो. म्हणून अशा पैशांची पावती, ती मिळत नसेल तर निदान ‘पॅरासेलिंगचे इतके पैसे आपल्याकडे दिले’ असा टूर मॅनेजरला पाठवलेला संदेश, अवश्य असावा.

सुरक्षिततेचे प्रमाण कोणत्या देशाचे धरावे, हाही वाद पुढे येतो. ‘आपल्याकडे असे चालत नाही’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. ब्रिटनमधील ‘विल्सन विरुद्ध बेस्ट ट्रॅव्हल’ या प्रसिद्ध खटल्यात ग्रीसमधील हॉटेलच्या काचेच्या दाराने पर्यटक जखमी झाला होता. ती काच ब्रिटिश प्रमाणांत बसत नव्हती, पण ग्रीक प्रमाणांत बसत होती, आणि न्यायालयाने सहल आयोजकाला जबाबदार धरले नाही. हा निकाल भारतीय आयोगांवर बंधनकारक नाही. तरीही कंपनीचा वकील अशी बाजू मांडणार हे गृहीत धरून, त्या देशातील नियमांचाच भंग झाल्याचा पुरावा, उदाहरणार्थ चालकाला दंड केल्याची पोलीस नोंद, मिळाल्यास दावा फारच भक्कम होतो.

‘कंपनी जबाबदार नाही’ या कलमाचे वजन

बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी वाचून अनेक कुटुंबे तक्रार करण्याचा विचारच सोडून देतात, ही अतिशय खेदाची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका बांधकाम कंपनीविरुद्धच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, ग्राहकाला सही करण्यावाचून पर्याय नसलेल्या छापील करारातील एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत आणि अशा अटी घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे तत्त्व सहलीच्या करारालाही लागू असल्याचा युक्तिवाद करता येतो, कारण तेथेही प्रवासी अटींत एक शब्दही बदलू शकत नाही.

मात्र येथे तांत्रिक खाच आहे. करारातील अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्द घोषित करण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग यांना दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून जिल्हा आयोगापुढील तक्रारीत ‘ही अट रद्द करावी’ अशी मागणी न करता सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा यांसाठी भरपाई मागावी, आणि कंपनीने अट पुढे केली की वरील निकालाच्या आधारे तिला उत्तर द्यावे.

‘वाद लवादाकडेच न्यावा’ या अटीमुळेही ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निश्चित केले आहे. साहसी खेळापूर्वी सही केलेल्या धोका-स्वीकृतीच्या फॉर्मबाबत एवढेच लक्षात ठेवावे की, त्या खेळात अंगभूत असलेला धोका पत्करणे म्हणजे जीर्ण दोर किंवा अप्रशिक्षित चालक पत्करणे नव्हे.

विमानप्रवासातील दुखापत

विमानात किंवा विमानात चढण्या-उतरण्याच्या प्रक्रियेत अपघात होऊन शारीरिक इजा झाल्यास १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारतासाठी तो २००९ पासून अमलात आहे. या करारात भरपाईची मर्यादा एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात सांगितलेली असून २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रत्येक प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआर आहे. सिद्ध झालेल्या नुकसानीपैकी या मर्यादेपर्यंतच्या रकमेसाठी विमान कंपनीला आपली चूक नव्हती असा बचाव घेता येत नाही. त्यापुढील रकमेसाठी मात्र घेता येतो. प्रवाशाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली असल्यास भरपाई कमी होऊ शकते. दाव्याची मुदत दोन वर्षे असून ती संपल्यावर हक्कच नष्ट होतो.

प्रवास विमा: पहिला आधार, शेवटचा नव्हे

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक असल्याने युरोपला जाणाऱ्या प्रत्येकाकडे विमा असतो, आणि इतरत्र जाणाऱ्या ग्रुपसाठीही कंपन्या बहुधा सामूहिक पॉलिसी घेतात. अडचण अशी की प्रवाशाच्या हाती फक्त एका पानाचे प्रमाणपत्र येते. आपण निघण्यापूर्वीच पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागून घ्यावा आणि त्यात चार गोष्टी पाहाव्यात: आधीपासूनच्या आजारांबाबतचे अपवाद, साहसी खेळांचे अपवाद, वयोमानानुसार खर्चावर घातलेली उपमर्यादा, आणि जखमीला भारतात आणण्याचा खर्च. रुग्ण झोपलेल्या अवस्थेत व वैद्यकीय सोबतीसह परत आणावा लागला तर तो खर्च सहलीच्या किमतीपेक्षाही मोठा होऊ शकतो.

विमा कंपनीने दावा नाकारल्यास कारणांसह लेखी उत्तर मागावे. प्रथम त्याच कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ती फेटाळली गेली, किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथेही आहेत, शुल्क लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा तो देऊ शकतो आणि तो निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात दाखल असेल तर लोकपाल तो हाती घेत नाही, त्यामुळे विमा कंपनीविरुद्ध कोणता मार्ग घ्यायचा हे आधी ठरवावे.

विम्याची रक्कम मिळाल्याने सहल कंपनी मोकळी होत नाही. रुग्णालयाचे जे बिल विम्याने भरले तेच दुसऱ्यांदा मागणे योग्य होणार नाही. परंतु बुडालेले उत्पन्न, पुढील उपचार, कायमचे अपंगत्व, वेदना आणि वाया गेलेली सहल यांचा विम्याशी काहीही संबंध नसतो, आणि त्यांची भरपाई कंपनीकडे मागता येते.

ग्राहक आयोगाकडे तक्रार

परदेशात झालेल्या अपघातासाठी आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येणे ही २०१९ च्या कायद्याने प्रवाशाला दिलेली फार मोलाची सोय आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तो जाऊ शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले आणि प्रवासी साताऱ्याचा किंवा मडगावचा असला तरी त्याला मुंबईचे हेलपाटे घालण्याची गरज नाही.

कोणत्या स्तराच्या आयोगाकडे जायचे हे, मागितलेल्या भरपाईवरून न ठरता, सेवेसाठी प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवरून ठरते, आणि याबाबतच सर्वाधिक घोटाळा होतो, कारण १९८६ च्या जुन्या कायद्यात हिशेब वेगळा होता. सध्याच्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिली असल्यास जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग असा क्रम आहे. समजा एका कुटुंबाने युरोपच्या सहलीसाठी १२ लाख रुपये दिले आणि भरपाई ७० लाखांची मागितली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते. शुल्कही दिलेल्या किमतीवरच अवलंबून आहे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. म्हणजे वरील उदाहरणात ७० लाखांच्या मागणीसाठी ४०० रुपये भरावे लागतील.

तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे. सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो; पण कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता हे कारण बहुधा टिकत नाही, कारण पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ असे उत्तर देत राहणाऱ्या कंपनीची वाट पाहण्यात अनेकांची ही दोन वर्षे संपली आहेत.

तक्रार कोण करू शकतो याची व्याप्ती मोठी आहे. मुलाने पैसे भरले आणि आई-वडील सहलीला गेले, तरी सेवेचे लाभार्थी म्हणून आई-वडीलही कायद्याने ग्राहक आहेत. अल्पवयीन मुलासाठी पालक आणि मृत प्रवाशासाठी त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. वकील नेमणे सक्तीचे नाही, आणि तक्रार दाखल करण्यासाठी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही ऑनलाइन व्यवस्था सुरू आहे. चालता न येणाऱ्या जखमी तक्रारदाराने व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे सुनावणीसाठी अर्ज करावा. कायद्यात तशी तरतूद आहे. तक्रारीचा मसुदा करताना अडल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था यांचे मार्गदर्शन घेता येते.

आधी कायदेशीर नोटीस पाठवणे कायद्याने बंधनकारक नसले तरी पाठवावी, आणि तीत बस, हॉटेल व डीएमसी यांची नावे, त्यांच्याशी झालेले करार व विम्याची माहिती कंपनीकडे मागावी. कंपनीने ती माहिती दिली नाही तर तिचे मौन तक्रारीत नमूद करता येते. आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे. फोनमधील छायाचित्रे व संदेश हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसारचे प्रमाणपत्र जोडल्यास नंतरचा आक्षेप टळतो.

आयोगाचे काम प्रतिज्ञापत्रे व कागद यांवर, संक्षिप्त पद्धतीने चालते. घटना कशी घडली याबद्दलच मोठा वाद असेल आणि साक्षीदारांची सविस्तर उलटतपासणी आवश्यक वाटली, तर आयोग तक्रारदाराला दिवाणी न्यायालयात जाण्यास सांगू शकतो. ही वेळ टाळण्यासाठी दोन सहप्रवाशांची प्रतिज्ञापत्रे सुरुवातीलाच जोडावीत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग मात्र परदेशातील अपघातासाठी उपलब्ध नाही, कारण मोटार वाहन कायदा भारतापुरताच लागू आहे.

किती भरपाई मागावी

रक्कम अंदाजाने लिहिलेली तक्रार आयोगाला पटत नाही. झालेला व होणारा उपचारखर्च, उपचारकाळात बुडालेले उत्पन्न, कमावण्याची क्षमता कायमची घटली असल्यास त्याचे मूल्य, परिचारक व फिजिओथेरपी यांचा खर्च, न उपभोगलेल्या सहलीचा परतावा, आणि वेदना व मनस्ताप अशी शीर्षके करून प्रत्येकापुढे पुरावा जोडावा. अपंगत्वाची टक्केवारी आणि उत्पन्नातील घट या एकच गोष्टी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघातांच्या निकालांत वारंवार सांगितले आहे: मनगट कायमचे कडक झाले तर लेखापालापेक्षा सुताराचे किंवा तबलावादकाचे नुकसान कितीतरी मोठे असते. हा फरक तक्रारीत स्वतःच्या कामाच्या वर्णनासह लिहावा. निवृत्त व्यक्तींनी आणि गृहिणींनी ‘आपले उत्पन्न नाही’ म्हणून मागणी कमी करू नये; घरकामाला आर्थिक मूल्य आहे हे न्यायालयांनी मान्य केले आहे.

आदेश बाजूने लागूनही कंपनीने अपील केल्यास, आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरल्याशिवाय ते अपील दाखल करून घेतले जात नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर चित्र बदलते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॉक्स अँड किंग्ज ही जुनी भारतीय कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती लागते आणि ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत दिवाळखोरी व्यावसायिकाकडे आपला दावा नोंदवावा लागतो. अशा वेळी प्रवाशांच्या पैशांना संरक्षण देणारी ब्रिटनसारखी सक्तीची व्यवस्था भारतात नाही, आणि ती असायला हवी.

परदेशात दावा करणे केव्हा योग्य

चूक उघडपणे तिसऱ्याच वाहनचालकाची असेल, सहल कंपनीचा दोष दिसत नसेल आणि दुखापत गंभीर असेल, तर त्या देशातील वाहन विम्याकडे दावा करणे हाच खरा मार्ग राहतो. थायलंडसारख्या देशात वाहनांच्या सक्तीच्या विम्यातून परदेशी जखमींनाही उपचारखर्च मिळू शकतो, त्यामुळे वाहनाचा क्रमांक व पोलीस अहवाल जवळ असावा. स्थानिक वकील नेमण्यापूर्वी त्याचे शुल्क आणि तेथील दाव्याची मुदत लेखी विचारावी.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि तेथील कंपनीकडून पॅकेज घेणाऱ्या मराठी कुटुंबांची स्थिती अधिक भक्कम आहे. २०१० मध्ये श्रीलंकेतील हॉटेलच्या कर्मचाऱ्याने एका ब्रिटिश पर्यटक महिलेवर अत्याचार केला होता. त्या ‘एक्स विरुद्ध कुओनी’ या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सहल आयोजकाला जबाबदार ठरवले. इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे आहे. अशा कुटुंबांनी भारतातील नव्हे, तर तेथील नियमांनुसारच दावा करावा.

तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी

घटनेनंतर काही दिवसांतच कंपनीकडून काही रक्कम, किंवा पुढच्या सहलीवर सवलतीचे कुपन, देऊ केले जाते आणि ‘पूर्ण व अंतिम समाधान झाले’ अशा मजकुरावर सही मागितली जाते. दबावाखाली किंवा फसवून घेतलेली अशी पावती दावा रोखू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एका विमा प्रकरणात म्हटले असले, तरी दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावरच येते. तातडीच्या खर्चासाठी पैसे घेणे भाग असेल तर ‘अंशतः रक्कम मिळाली, इतर हक्क अबाधित’ असे स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी आणि त्या कागदाचे छायाचित्र जागेवरच काढावे. हाड जुळले की नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का, हे डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत अंतिम तडजोड करू नये. तडजोड करावयाचीच असेल तर ती आयोगाच्या मध्यस्थी कक्षामार्फत करावी. तेथे झालेल्या समझोत्यावर आयोग आदेश काढतो, आणि कंपनीने पैसे थकवले तर त्या आदेशाची अंमलबजावणी थेट आयोगाकडूनच करून घेता येते.